राजगिऱ्यावरची बंदी

॥ श्रीराम ॥

हॅमिल्टन (कॅनडा), १४ नोव्हेंबर २०११

ती. नीलिमा वन्सं यांस शीलाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकल्यासारखं करता, म्हणून कागद घेतला. इकडे सगळे बरे. तुमच्या भावाचा गुडघा कुरकुरतो, पण बर्फ पडला की शोव्हल मीच करणार हा हट्ट काही सुटत नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्या देवळाच्या कमिटीवर या दिवाळीपासून चारुदत्त नावाचा मुलगा आलाय. मुलगा म्हणजे चाळिशीचा. पुण्याचा, कम्प्युटरमधला, ऑफिस मार्कहॅमला. वाईट नाही. लोकांचे विखुरलेले बूटसुद्धा रांगेत लावतो. पण त्याने कुठेसं वाचलं की आपल्या उपवासाचे निम्मे जिन्नस आपले नाहीतच. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची, राजगिरा, सगळं अमेरिकेतलं. पाचशे वर्षांपूर्वी गोरे लोक जहाजं घेऊन तिकडे गेले, त्यांनी ते आपल्याकडे आणलं. म्हणून यापुढे देवळात उपवासाला हे शिजवायचं नाही आणि देवापुढे ठेवायचं नाही. फळं, दूध, वरी, शिंगाडा आणि मिरपूड, बस. बंदीच्या सहा नावांची टाईप केलेली यादी त्याने बेसमेंटच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटवलीय. वर मोठ्या अक्षरांत ‘शुद्ध उपवास’.

वन्सं, एकवीस वर्षं रामनवमीचा फराळ मी करतेय. दीडशे माणसांची खिचडी, आणि एक गोळा सापडायचा नाही. पहिलं ताट रामापुढे जातं, मग माणसं. तुमचे भाऊ या देशात येऊन काय केलं ते सांगू शकतात, स्टीलच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढली त्यांनी. मी मॅट्रिक झालेली बाई. मला कुणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला रामापुढचं ते ताट आहे.

मी त्याला म्हटलं, “अरे, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच चालतं.” तर म्हणाला, “काकू, पुरावा?”

पुरावा तुम्ही. अडुसष्ट साली लग्न होऊन मी मिरजेला आले, तेव्हा पहिल्या एकादशीला तुम्हीच माहेरी येऊन मला चुलीपुढे बसवलंत. साबुदाणा किती भिजवायचा, दाण्याचं कूट कधी घालायचं, सगळं दाखवलंत आणि म्हणालात, “हे या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच आहे, यात काडीचा फरक करायचा नाही.” मी केला नाही. तेवढं मला तुमच्या अक्षरात सहीनिशी लिहून पाठवा. फेब्रुवारीत देवळाची मीटिंग आहे. तिथे सगळ्यांसमोर वाचून दाखवते.

तुमची शीला

मिरज, ९ डिसेंबर २०११

चि. सौ. शीला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. इथे थंडी बरी आहे. माझे दात आता सहा उरलेत, त्यातले दोन समोरासमोर येतात, तेवढ्यावर चाललंय.

तुझ्या त्या देवळाचं वाचलं. बासष्ट वर्षांची झालीस, आता कशाला कमिट्यांशी कज्जे? वरी शिजवायला काय होतं? देवाला भूक खिचडीची नसते. त्या मुलाने वाचलंय, तर त्याला त्याचं वाचलेलं लखलाभ. तू आपलं घरी कर आणि घरी खा.

शरदला म्हणावं, बर्फ उपसायचं वय गेलं.

मला हल्ली लिहायला त्रास होतो, हात कापतो. म्हणून इथेच थांबते.

नीलिमा

हॅमिल्टन, १६ जानेवारी २०१२

ती. वन्सं यांस नमस्कार.

हात कापतो म्हणता, आणि पाकिटावरचा पत्ता तर छापल्यासारखा आहे. मी विचारलं त्याचं उत्तर कुठे आहे? मला वाईट वाटलं, ते लिहिते, मनात ठेवत नाही. तुम्ही चारुदत्तच्या बाजूच्या झालात असं मी धरून चालते. यांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “ताई काहीतरी गिळतेय.” मी म्हटलं, तुमची ताई आहे, तुम्हीच जाणे.

ऐका, मधल्या काळात काय झालं ते. आपल्या ऋषीची अक्षरा सहावीत आहे. सहावीत इथे मुलांना ‘एक्स्प्लोरर्स’ असतात, म्हणजे गोरे लोक समुद्र ओलांडून इथे कसे आले तो इतिहास. शाळेत चिठ्ठ्या टाकून एकेकाला एकेक माणूस दिला. अक्षराच्या चिठ्ठीत स्पेनचा कप्तान निघाला. त्याने आपल्या राजाला मोहिमेचं पत्र लिहिलंय असं समजून ते लिहून न्यायचं. ती तोंड फुगवून आली. “आजी, आय गॉट द बॅड गाय.”

लायब्ररीतून तिने चार पुस्तकं आणली. मी शेजारी बसून लाडू वळत होते. ती इंग्रजीत वाचायची, मधूनच मला सोपं करून सांगायची. मेक्सिकोत केवढं शहर होतं, तळ्याच्या मध्यात वसवलेलं, बाजारात साठ हजार माणसं. ते या लोकांनी वेढा घालून, पाणी तोडून, देवीच्या साथीने माणसं मरत असताना घेतलं. मग देवळं पाडली आणि त्याच दगडांची आपली बांधली. हे मी ऐकत होते आणि हात चालू होते.

मग तिने एक चित्र माझ्यासमोर धरलं. उंच रोप, वर लालभडक तुरा. मी म्हटलं, “अगं, हा तर राजगिरा.” ती म्हणाली, “हो ना, बघ काय लिहिलंय.” तिकडची माणसं वर्षाच्या सणाला राजगिऱ्याच्या पिठात मध कालवून देवाची मूर्ती करायची. तिची पूजा करायची, मिरवायची, आणि शेवटी ती मोडून सगळ्यांनी कण कण वाटून खायची. स्पेनच्या पाद्र्यांनी ते पाहिलं आणि त्यांचं टाळकं सरकलं. म्हणून राजगिऱ्यावर बंदी. पिकवायचा नाही, घरात ठेवायचा नाही. पुस्तकात लिहिलंय, शेतं जाळली. तरी डोंगरातल्या बायामाणसांनी मक्याच्या आड एखादी ओळ लावणं सोडलं नाही. तिकडे आजही त्याच्या पाकातल्या वड्या विकतात, आपल्या चिक्कीसारख्या. त्या वडीच्या नावाचा अर्थ आनंद.

अक्षरा माझ्या परातीकडे बघत म्हणाली, “आजी, दॅट्स युवर लाडू.”

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आधी वाटलं, चारुदत्त म्हणतो ते बरोबर असेल. लुटीच्या जहाजातून आलेलं आपण एवढी वर्षं देवापुढे ठेवलं. मग वाटलं, जहाज लुटारूंचं असेल, पेरणारे हात त्यांचे नव्हते. आणि ज्या दाण्याचा कुणी देव करत होतं, त्याला ‘देवापुढे नको’ म्हणणारे एकदा होऊन गेलेत. त्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही. तुम्ही लिहून द्या किंवा देऊ नका, मी मीटिंगला जाणार.

चारुदत्त परवा भेटला. माझी समजूत काढायला म्हणाला, “काकू, स्वयंपाक नसला तरी पाळणा तुमच्याकडेच. ते तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही.” रामजन्माला पाळण्यात कुंची घालून नारळ ठेवतो ना आपण, तो मीच सजवते. जन्म झाला, पाळणा म्हटला की तो नारळ फोडून सुंठवड्यात घालतो. तेवढं काम माझ्याकडे ठेवलंय त्याने. लहान मुलीला भातुकली देतात तसं.

शीला

मिरज, ६ फेब्रुवारी २०१२

चि. शीला हिस आशीर्वाद.

हात कापत नाही. खोटं लिहिलं होतं. आता खरं लिहिते, ते बसून वाच.

पिढ्यान्‌पिढ्या म्हणजे एक पिढी, आणि ती मी.

मी तेरा वर्षांची होते, म्हणजे सेहेचाळीस साल. आमच्या घरात आजोबांचा शब्द चाले. एकादशीला फळ, दूध, मूठभर वरी. बटाटा म्हणजे विलायती कंद, तो उंबऱ्याबाहेर. साबुदाणा बाजारात नवा नवा दिसायला लागला होता, तो तर नावसुद्धा काढायचं नाही. हुबेहूब तुझ्या चारुदत्तची यादी, फक्त टाईप केलेली नव्हती.

घरात आमची आत्या होती. चौदाव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली. सगळे आक्का म्हणत. तिचं नाव द्वारका, पण ते मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. दोन्ही एकादश्या, सोमवार, चतुर्थी, प्रदोष, सगळे उपवास तिच्या वाट्याला. बाकीच्यांना वरी पोचायची, तिच्यापर्यंत भांडं रिकामं होऊन यायचं. सव्वीस वर्षांची बाई, विहिरीवरून घागर आणताना दोनदा पडली.

तिसऱ्यांदा पडली त्या एकादशीला मी शेजारच्या जोशीणकाकूंकडून वाटीभर साबुदाणा आणला, त्यांच्याकडूनच दाणे आणि मिरच्या. कशी केली देव जाणे, खाली लागली होती. आक्का म्हणाली, “निली, मामंजींना कळलं तर मला आडात जीव द्यावा लागेल.” अगं, ती स्वतःच्या बापाला मामंजी म्हणाली. भुकेने तिला माणसं कळेनाशी झाली होती. तेव्हा मी काय केलं, ती कढई उचलली, देवघरात नेली, रामपंचायतनापुढे पाण्याचं मंडल केलं, तुळशीचं पान ठेवलं आणि नैवेद्य दाखवला. परत आणून तिच्यापुढे ठेवते तर दारात आजोबा.

“हे काय आहे?” म्हणाले.

मी म्हटलं, “प्रसाद. देवाला दाखवलाय.”

आता त्यांना काय करता येणार? प्रसाद टाकता येत नाही, नाही म्हणता येत नाही. उभे राहिले बराच वेळ. आक्काचा हात घासासकट तसाच. मग त्यांनी उजवा तळहात पुढे केला. मी चमचाभर ठेवलं. खाल्लं आणि म्हणाले, “मिरची कुणी घातली?” बस, एवढंच. पुढच्या एकादशीला स्वतःच विचारलं, “आज तो प्रसाद नाही का?”

आक्का त्यानंतर सोळा वर्षं जगली. आई आजारी असायची, शरदला वाढवलं आक्काने. त्याला खिचडी खाली लागलेलीच का आवडते, ते आता तुला कळेल.

तू नवी सून आलीस तेव्हा ‘पिढ्यान्‌पिढ्या’ म्हटलं, कारण ‘मी चोरून सुरू केलं’ म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. पण तू आता सही मागितलीस. रामाच्या देवळात वाचायला मी खोटं लिहून देणार नाही. वाचायचं तर हे वाच. सही खाली आहे, पूर्ण नावाची.

आणि एक. मी भांडले नाही. भांडले असते तर हरले असते.

सौ. नीलिमा अरविंद गोखले

हॅमिल्टन, ५ मार्च २०१२

ती. वन्सं यांस नमस्कार.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. आक्काचं नाव येताच उठून बाहेर गेले आणि बर्फ नसलेला ड्राईव्हवे झाडत बसले.

मीटिंग झाली. तुमचं पत्र मी उभं राहून सगळं वाचलं. बायकांचे डोळे भरले. चारुदत्तचेही भरले, खोटं कशाला सांगू? पण म्हणाला, “काकू, भावना समजतात. पण यावरून हेच सिद्ध होतं की ही पद्धत जुनी नाही. आपलं ते आपलं, परकं ते परकं.”

मी विचारलं, “चारुदत्त, तू कॅनडात कधी आलास?”

“दोन हजार चारला.”

“बटाटा तुझ्या आधीपासून आहे रे इथे. परकं काढायचं तर फ्रीजवर पहिलं नाव तुझं लाव, दुसरं माझं.”

लोक हसले, तोही हसला. मग हात वर करून मतं घेतली. यादी राहिली. नऊ मतांनी. हसलेल्यातल्याही पुष्कळांनी तिकडेच हात वर केले.

मी पाळणा सजवायला येईन म्हटलं. यंदा रामनवमी रविवारीच आलीय, एक एप्रिलला. इथे नाहीतर देवांचे जन्म वीकएंड बघून होतात.

यांच्या गुडघ्याला बरं आहे. अक्षराचं कप्तानाचं पत्र लिहून व्हायचंय. शेवट सुचत नाही म्हणते.

बाकी काही विशेष नाही.

शीला

हॅमिल्टन, ३ एप्रिल २०१२

ती. वन्सं यांस साष्टांग नमस्कार.

विशेष होतं. तुम्हालाही सांगितलं नाही, रागावू नका. तुम्ही चौरेचाळीस वर्षं सांगितलं नव्हतंत, मी चार आठवडे.

शनिवारी सकाळी सोवळ्याने राजगिऱ्याच्या लाह्या केल्या. गुळाच्या पाकात चार चमचे मध घातला, त्या लोकांचा म्हणून. हाताला तूप लावून गरम गरम वळायला घेतलं. लाडू आयुष्यभर वळले, बाळ कधी वळलं नव्हतं. पहिलं बसकं झालं. अक्षरा म्हणाली, “आजी, ही लुक्स लाईक अ पोटॅटो.” ते तिने आणि यांनी खाल्लं. दुसरं छान झालं. डोकं, पोट, गुडघ्यात वाकलेले इवले पाय. नाकाच्या जागी बेदाणा लावला होता तो काढला, नुसतं चिमटीत धरून नाक आणलं.

रविवारी देवळात गेले. बाहेर भुरभुर बर्फ होतं. कुंची घातली, दुपटं गुंडाळलं, पाळण्यात ठेवलं. नारळही नेला होता, तो पाळण्याखाली ठेवून दिला. गुरुजींना मात्र सांगितलं. त्यांना अंधारात ठेवून पूजा करून घेणं मला पटेना. त्यांनी विचारलं, “सोवळ्यात केलंय?” मी हो म्हटलं. “मग मला काय विचारता? मातीचा चालतो, पिठाचा चालतो.” एवढं बोलून ते दिवे लावायला गेले.

बारा वाजता जन्म झाला. गुलाल, फुलं, टाळ. चारुदत्त सगळ्यात पुढे होता. पाळण्याची दोरी त्यानेच ओढली, डोळे मिटून, बायकांच्याही वरताण आवाजात पाळणा म्हणत. मग कपाळ टेकवलं. त्याची भक्ती खरी आहे हो. ते बघताना माझं मन एकदा कचरलं. पण एकदाच.

नारळ फोडायची वेळ आली. गुरुजींनी मला बोलावलं. मी कुंची सोडली.

कुणीतरी मागून विचारलं, “हे काय आहे?”

मी म्हटलं, “प्रसाद. ज्याला आत्ता सगळ्यांनी नमस्कार केला, तो राम राजगिऱ्याचा आहे. पाचशे वर्षांपूर्वी मेक्सिकोतली माणसं असाच देव करून वाटून खायची. त्यांच्यावर बंदी आली, तरी त्यांनी बी राखलं. म्हणून ते मिरजेपर्यंत आलं. तिथे आमच्या घरात द्वारका नावाची एक बाई होती. परका म्हणून जो घास तिला मिळत नव्हता, त्या घासाने ती जगली. आज पहिला कण तिच्या नावाचा.” आणि मोडला.

वन्सं, माझे हात कापत होते, पण तुमच्यासारखे नाही, खरे.

चारुदत्तचा चेहरा उतरला. पुढे येऊन हळू म्हणाला, “काकू, ही फसवणूक आहे.”

मी म्हटलं, “आहे. पण मत मागून पाहिलं होतं ना मी आधी. आता हात पुढे कर. दोरी तू ओढलीस, पहिला मान तुझा.”

तो उभा राहिला. तुमचे आजोबा किती वेळ उभे होते ते मला माहीत नाही. हा बराच वेळ होता. मागे दीडशे माणसं प्रसादाला थांबलेली. शेवटी त्याने उजवा हात पुढे केला, खाली डावा लावून, रीतीप्रमाणे. खाल्लं. बूट घालून फराळाला न थांबता निघून गेला. मला ते लागलं. पण माझा राम कण कण संपला, ताटलीत मधाचा डाग राहिला फक्त. हे रांगेत सगळ्यात शेवटी उभे होते. यांना चिमूटभरच आला.

काल स्वयंपाकघर आवरायला गेले. यादी फ्रीजवर तशीच आहे. फक्त राजगिऱ्यावर निळ्या पेनाने रेघ मारून ते नाव खोडलंय. कुणी ते माहीत नाही. रेघ पट्टी लावून मारल्यासारखी सरळ आहे, आणि त्या देवळात इतकं सरळ काम करणारा एकच माणूस आहे. बाकीची पाच नावं अजून आहेत. असू देत. मलाही घाई नाही.

अक्षराला शेवट सुचला. तिचा कप्तान राजाला लिहितो: “महाराज, आपल्या आज्ञेप्रमाणे सगळी शेतं जाळली. मोहीम यशस्वी झाली. फक्त एक अडचण आहे. परत येताना माझ्या बुटाच्या तळाला काही दाणे चिकटले होते.”

शीला

मिरज, २४ एप्रिल २०१२

चि. शीला,

पत्र मी दोनदा वाचलं, मग नातसुनेला मोठ्याने वाचायला लावलं, मग ती कंटाळल्यावर परत मी वाचलं.

द्वारका हे नाव पन्नास वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं, माहेरच्या घरातसुद्धा नाही. तू ते देवापुढे, दीडशे माणसांत घेतलंस. आज मी तिचा फोटो शोधला. नाहीच. विधवांचे कोण काढतं? मग एका कागदावर नाव लिहून देवघरात ठेवलं आणि पुढे वाटीभर खिचडी ठेवली. मुद्दाम खाली लावली.

त्या चारुदत्तला घरी जेवायला बोलाव. माणूस हात पुढे करायला शिकलाय, त्याला रिकाम्या हाताने ठेवू नये. मिरची बेताची घाल.

पुढल्या नवमीला साबुदाण्याचं डोक्यात असेल तुझ्या, मी ओळखते. त्याचा राम वळता येणार नाही, चिकटतो आणि बसतो. बटाटा उकडून त्यात मिसळ, म्हणजे दोन नावं एकदम जातील. आत्तापासून हात बसव.

नीलिमा